सोहिरोबानाथ आणि महादजी शिंदे : नम्रतेचा एक विचार

अहंकार गळाला म्हणजे माणसात काय शिल्लक राहते, हा प्रश्न आपल्या संतवाङ्मयाने पुनःपुन्हा विचारला आहे. गोमंतकाच्या इतिहासात त्याचे एक उद्बोधक उत्तर सापडते, ते पेडणे महालातील आंबिये घराण्यातल्या सोहिरोबानाथांच्या (१७१४–१७९२) चरित्रात.

तो काळ अस्थिरतेचा होता. वाडीकर सावंतांच्या अंमलाखालील डिचोली १७८१ मध्ये आणि पेडणे १७८८ मध्ये पोर्तुगिजांकडे गेले. राज्ये अशी बदलत असता गावात माणसाची ओळख टिकवून धरी ते वतन. सोहिरोबांकडे बांदे येथील कुळकर्णीपण होते. कुळकर्णी हा गावच्या दप्तराचा धनी. रयतेचे बरेवाईट त्याच्या लेखणीवर अवलंबून असे. इन्सुलीच्या रानात गहिनीनाथांचा अनुग्रह झाल्यावर त्यांनी हे काम सोडले, असे परंपरा सांगते. त्यांनी टाकली ती केवळ प्राप्ती नव्हे. गावाने आपल्याकडे पाहून उठून उभे राहावे, हा हक्कच त्यांनी टाकला. धनाचा त्याग त्या मानाने सोपा. मानाचा त्याग कठीण.

उतारवयात ते उत्तरेकडे गेले. तेथे महादजी शिंद्यांच्या फौजेचे बक्षी जिवबादादा केरकर हे पेडण्याकडचेच. त्यांच्यामुळे सोहिरोबांची महादजींशी भेट झाली, अशी आख्यायिका आहे. महादजी स्वतः भक्तिपर कविता रचीत. ती त्यांनी अभिप्रायार्थ पुढे ठेवली. सोहिरोबांनी स्तुती तर केली नाहीच, उलट तीत भक्तीपेक्षा कर्तेपणाचा दर्प अधिक असल्याचे सुचविले. महादजी रुष्ट झाले, आणि सोहिरोबा फकिराच्या बेपर्वाईचे एक हिंदी पद रचून चालते झाले. आख्यायिका आहे, म्हणून ती आम्ही आख्यायिका म्हणूनच घेतो. परंतु लोकांनी ती जपून ठेवली, ही गोष्ट इतिहासाचीच होय.

येथे एक आक्षेप संभवतो. दिल्लीच्या बादशहाला आधार देणाऱ्या सरदाराला तोंडावर असे बोलणे, हाही अहंकारच नव्हे काय? उलटपक्षी महादजींची नम्रता तर प्रसिद्ध आहे. वकील-इ-मुतलकचे पद हाती असूनही ते स्वतःस पाटील म्हणवीत. १७९२ मध्ये पुण्यास आल्यावर त्यांनी पेशव्यांपुढे नवे जोडे ठेवून, जुने काखेत धरले आणि हाच आपला वडिलोपार्जित व्यवसाय असल्याचे सांगितले, असे ग्रँट डफ लिहितो.

या नम्रतेला निव्वळ ढोंग म्हणणे अन्यायाचे होईल. धन्याविषयीची निष्ठा तीत असेल. तथापि ती भर दरबारात, सर्वांच्या देखत प्रकटली, आणि पुणे दरबारात महादजींचे वजन वाढविण्यास ती उपयोगीही पडली. जी नम्रता काही मिळवून देते, तिची कसोटी नकाराच्या क्षणी लागते. काखेत जोडे धरणाऱ्या हातांना आपल्या कवितेवरील प्रतिकूल शब्द मात्र पेलला नाही, असे आख्यायिकेचे म्हणणे दिसते.

सोहिरोबांच्या उत्तराची कसोटीही हीच. त्या स्पष्टोक्तीने त्यांना काय मिळाले? आश्रय गेला, कृपा गेली. अहंकारी मनुष्यही कठोर बोलतो. परंतु समोरच्याने आपले ऐकावे, आपणांस मानावे, ही त्याची अपेक्षा असते. सोहिरोबांनी ती ठेवली नाही. त्यांनी महादजींना हरविले नाही. त्यांच्याकडून काही मागण्याचे तेवढे सोडून दिले. म्हणून वाकणे म्हणजे नम्रता आणि ताठ उभे राहणे म्हणजे अहंकार, हे समीकरण आम्हांस मान्य होत नाही. व्यक्तीचा विकास होतो तो तिच्या गरजा गळत जातात त्या प्रमाणात. आणि मानाची गरज सर्वांच्या शेवटी गळते.

१७९२ मध्ये उज्जयिनीस सोहिरोबा अदृश्य झाले, असे सांगतात. त्यांची समाधी मागे नाही. पेडणे तालुक्यात विर्नोडा येथील शासकीय महाविद्यालय आज त्यांचे नाव धारण करते. पदांच्या शेवटी मात्र त्यांनी स्वतःचा उल्लेख नुसता ‘सोहिरा’ असा केला आहे. ‘बा’ हा आदराचा प्रत्यय लोकांनी जोडला. त्यांनी तो मागितला नव्हता.