आवाज येतो, शब्द येत नाहीत

हेडफोन लावले असतील तर उत्तम, कारण आजची गोष्ट कानांचीच आहे.

सुरुवात माझ्या आजीपासून करतो. आमच्या गावच्या विठ्ठल मंदिराचा जीर्णोद्धार झाला. आधी लाकडी खांबांचा सभामंडप होता, वर कौलं, खाली सारवलेली जमीन. आता वर स्लॅब आणि मधोमध घुमट, खाली ग्रॅनाइट, भिंतींना संगमरवर. फोटो एकदम झकास येतात. पण हरिनाम सप्ताहाच्या तिसऱ्या दिवशी आजी कीर्तनाला जाईचना. का, तर म्हणाली, "बुवांचा आवाज येतो रे, पण शब्द येत नाहीत. अभंग चालू असला की गोड वाटतं. निरूपण सुरू झालं की नुसतं घूं घूं."

आता मी बीटेक झालेला, सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करणारा नातू. म्हटलं, सोपं आहे, आवाज कमी पडतोय. स्वतःच्या खर्चानं दोन मोठे स्पीकर आणले आणि मागच्या भिंतीवर उंच टांगले. त्या रात्री आजी घरी येऊन म्हणाली, "आता दोन बुवा बोलतायत."

लाज वाटली. मग मी वाचायला बसलो आणि कळलं की मी केलेली चूक फार जुनी आहे. भल्याभल्यांनी ती केली आहे.

आधी एक फरक लक्षात घेऊ. कड्यासमोर "ओ" ओरडलं की थोड्या वेळानं तोच "ओ" वेगळा, स्वच्छ परत येतो. तो प्रतिध्वनी. मोठ्या दगडी इमारतीत होतं ते वेगळं. आवाज भिंत, छत, खांब, फरशी असा शेकडो ठिकाणी आपटतो आणि सगळे तुकडे एकमेकांत मिसळून एक शेपूट तयार होते. ते घुमणं. गाण्याला ही शेपूट आवडते, एक सूर पुढच्या सुरात विरघळतो. बोलण्याला ती मारते, कारण "पंढरी"तल्या "पं"ची शेपूट "ढरी"वर येऊन बसते.

या शेपटीची लांबी पहिल्यांदा नीट मोजली गेली ती एका वर्गात. १८९५ साली अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात फॉग कलासंग्रहालय उघडलं. त्यातलं व्याख्यानगृह दिसायला सुंदर, पण प्राध्यापक काय बोलतात ते कोणाला कळेना. विद्यापीठाचे अध्यक्ष चार्ल्स एलियट यांनी काम सोपवलं वॉलेस सॅबिन नावाच्या भौतिकशास्त्राच्या तरुण शिक्षकाकडे. वय २७. म्हणजे आपल्यापैकी बऱ्याच जणांएवढंच.

सॅबिनकडे ना मायक्रोफोन, ना कॉम्प्युटर. होती एक ऑर्गनची नळी, एक घड्याळ आणि स्वतःचे कान. तो मध्यरात्रीनंतर, रस्ते शांत झाले की, काम करायचा. नळी वाजवायची, बंद करायची, आवाज पूर्ण विझेपर्यंत किती सेकंद लागतात ते मोजायचं. रिकाम्या खोलीत उत्तर आलं साडेपाच सेकंदांच्या आसपास. तेवढ्या वेळात आपण सहज दहा-पंधरा शब्द बोलतो. म्हणजे पंधरावा शब्द बोलताना पहिला अजून हवेत आहे!

मग त्यानं जवळच्या सँडर्स थिएटरमधल्या खुर्च्यांच्या गाद्या रात्री वाहून आणायला सुरुवात केली. थोड्या गाद्या टाकायच्या, मोजायचं. अजून थोड्या, पुन्हा मोजायचं. सकाळ व्हायच्या आत सगळ्या परत जागेवर. सगळ्या गाद्या आणल्यावर साडेपाच सेकंदांचा जेमतेम सव्वा सेकंद झाला. अंगावरचे कपडेही आवाज शोषतात हे लक्षात आल्यावर तो मोजताना कायम तेच कपडे घालू लागला. टेस्टिंग करणाऱ्यांना हे नक्की पटेल.

१८९८ मध्ये त्याला सूत्र सापडलं आणि ते फार साधं आहे. खोली जितकी मोठी, तितकं घुमणं जास्त. खोलीत आवाज शोषणाऱ्या गोष्टी जितक्या जास्त, तितकं घुमणं कमी. शोषण मोजायचं त्याचं एकक होतं उघडी खिडकी, कारण उघड्या खिडकीतून गेलेला आवाज परत येत नाही. आता आमच्या मंदिराकडे बघा. कौलांच्या फटी, उघड्या बाजू, मातीची जमीन, सगळं शोषणारं होतं. आम्ही प्रत्येक उघडी खिडकी पैसे देऊन बुजवली.

सूत्र हातात आल्यावर ते प्रार्थनागृहात पोचलं. न्यूयॉर्कमध्ये फिफ्थ ॲव्हेन्यूवर सेंट थॉमस चर्च नव्यानं बांधलं जात होतं, ते १९१३ मध्ये पूर्ण झालं. वरून गॉथिक, उंच, दगडी. पण प्रवचन ऐकू यायला हवं होतं. सॅबिन आणि राफाएल गुस्ताविनो या बांधकाम व्यावसायिकानं मिळून एक खास फरशी तयार केली. दिसायला दगड, पण आतून सच्छिद्र. आवाज त्या छिद्रांत शिरतो आणि तिथेच संपतो. पुढे प्युमिसचे कण आणि सिमेंट वापरून तिची सुधारित आवृत्ती आली, अकूस्टोलिथ. अमेरिकेतल्या अनेक चर्चच्या छतांना ती बसली.

प्रश्न सुटला? शब्द वाचले, गाणं गेलं. ड्यूक विद्यापीठाच्या चॅपलमध्ये ही फरशी होती. ऑर्गनचे सूर तिथे कोरडे वाटायचे, वाजले की संपले. शेवटी १९७० च्या दशकात नवीन ऑर्गन बसवायच्या वेळी त्यांनी फरशीवर लेप देऊन ती छिद्रं चक्क बुजवली. म्हणजे आधी पैसे देऊन घुमणं मारलं आणि नंतर पैसे देऊन परत जिवंत केलं.

इथे मी थांबलो. कारण मीही तोच विचार करत होतो, मंदिराच्या छताला फोम चिकटवायचा. पण आजीच म्हणाली होती ना, अभंग गोड वाटतो. फोम लावला असता तर टाळ-मृदंग कपाटात वाजवल्यासारखे वाटले असते. कीर्तनात तर बोलणं आणि गाणं एकाच माणसाच्या तोंडून, एकाच तासात येतं. एकाला वाचवायला दुसऱ्याला मारायचं का?

याचं उत्तर मला सापडलं लंडनमध्ये, सेंट पॉल्स कॅथीड्रलच्या इतिहासात.

सेंट पॉल्स बांधलं ख्रिस्तोफर रेननं. काम सुरू झालं १६७५ मध्ये. गंमत म्हणजे माणसाचा आवाज कुठवर पोचतो हे रेनला चांगलं माहीत होतं. त्यानं लिहून ठेवलंय की बेताच्या आवाजात बोलणारा प्रवचनकार पुढे ५० फूट, दोन्ही बाजूंना ३० फूट आणि मागे २० फूट ऐकू जातो. पण हा हिशोब छोट्या चर्चसाठी. कॅथीड्रलची लांबी ५०० फुटांहून जास्त! वर तो प्रचंड घुमट. रिकाम्या इमारतीत आवाज विझायला दहा सेकंदांहून जास्त लागायचे.

याच घुमटाच्या आतल्या सज्जात भिंतीशी कुजबुजलं की पलीकडे ऐकू येतं. विजापूरच्या गोल घुमटाला शाळेची सहल गेली असेल, तर हा अनुभव तुम्ही घेतलाय. सी. व्ही. रामन १९२१ मध्ये लंडनला गेले तेव्हा त्यांनी सेंट पॉल्सच्या सज्जात प्रयोग केले आणि पुढे गोल घुमटाचाही अभ्यास केला. वर कुजबुज पोचते आणि खाली बसलेल्याला प्रवचन कळत नाही, अशी ही इमारत.

१९५१ मध्ये पार्किन आणि टेलर या दोन तंत्रज्ञांनी तिथे नवी ध्वनियोजना केली. इमारतीच्या एकाही दगडाला त्यांनी हात लावला नाही. दोन गोष्टी केल्या.

पहिली, स्पीकर एकावर एक रचून खांबासारखे उंच स्तंभ केले. अशा स्तंभातून आवाज आडव्या पंख्यासारखा पसरतो, लोकांच्या दिशेनं जातो आणि वर घुमटात कमी जातो. घुमटाला ऐकवलंच नाही, तर घुमट बोलणार काय?

दुसरी गोष्ट माझ्या जिव्हाळ्याची, डिले. आवाज हवेतून सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, पण तारेतून सिग्नल जवळपास लगेच पोचतो. म्हणजे ३४ मीटर मागे बसलेल्या माणसाला शेजारचा स्पीकर आधी ऐकू येणार आणि समोरचा मूळ आवाज सेकंदाच्या दहाव्या भागानं नंतर. आजीचे दोन बुवा हेच! तेव्हा डिजिटल काही नव्हतं. म्हणून त्यांनी फिरती चुंबकीय चकती वापरली. एका जागी आवाज रेकॉर्ड होणार, चकती थोडी फिरल्यावर पुढच्या जागी वाचला जाणार आणि मग मागच्या स्पीकरला जाणार. आजच्या भाषेत बफर. फक्त तो गरगर फिरत होता.

आणि यामागे एक सुंदर शोध होता. जर्मनीत गटिंगेनला हेल्मुट हास यानं १९४९ मध्ये प्रबंधात दाखवलं की एकच आवाज दोनदा, अगदी थोड्या अंतरानं आला, तर कान दुसऱ्याला वेगळं मोजत नाही. साधारण ३० मिलीसेकंदांच्या आत आलेला दुसरा आवाज थोडा मोठा असला तरी आपल्याला वाटतं, आवाज पहिल्याच दिशेनं आला. म्हणजे मागचा स्पीकर मूळ आवाजाच्या किंचित नंतर वाजवा. ताकद स्पीकरची, पण ऐकणाऱ्याला वाटणार, समोरचा माणूसच बोलतोय.

आता गावाकडे परत. माझे टांगलेले स्पीकर उतरवले. साउंडवाल्या दादाकडून दोन उभे, बारीक कॉलम स्पीकर भाड्यानं आणले आणि बसलेल्या लोकांच्या कानांच्या रोखानं लावले. बुवा उभे राहतात तिथून मागच्या कॉलमपर्यंत टेप धरली, २० मीटर. म्हणजे ५९ मिलीसेकंद, वर बारा घातले आणि मिक्सरवर ७१ टाकले. आवाज वाढवला नाही, उलट कमी केला. खाली जुन्या सतरंज्या पसरल्या, मागच्या भिंतीला जाड पडदा लावला. घुमटाला हात लावला नाही.

सगळं जमलं असं नाही. डाव्या कोपऱ्यातल्या खांबामागे अजून गडबड आहे. पण त्या रात्री अभंग पूर्वीसारखाच घुमला. आजी शेवटपर्यंत बसली. घरी येताना म्हणाली, "बुवांनी जनाबाईच्या गोष्टीत एक ठिकाणी घोळ घातला."

मला एवढंच हवं होतं. चूक काढायला आधी शब्द ऐकू यावे लागतात.

तुमच्या गावात मंदिर, मशीद, चर्च, विहार काहीही असो, रिकामं असताना एकदा टाळी वाजवा आणि ती विझेपर्यंत सेकंद मोजा. आकडा आणि जागा मला कळवा. आणि हो, नवीन बांधकाम चालू असेल, तर फरशी निवडायच्या आधी मोजा. भेटू पुढच्या भागात.