बंदुकीपासून दुर्बिणीपर्यंत : रत्नागिरीच्या पक्ष्यांची यादी

१/ सार्वजनिक उद्यानात सकाळी निघणारी पक्षीनिरीक्षण फेरी आता अनेक शहरांत परिचयाची झाली आहे. पुढे मार्गदर्शक, गळ्यात दुर्बिणी, हलके आवाज आणि अखेरीस दिसलेल्या पक्ष्यांची यादी. या साऱ्यात सर्वांत जुनी गोष्ट म्हणजे ती यादी. रत्नागिरीपुरता तिचा माग १८८० पर्यंत नेता येतो.

२/ त्या वर्षी ‘स्ट्रे फेदर्स’ या नियतकालिकाच्या नवव्या खंडात दक्षिण कोकणातील पक्ष्यांची पहिली यादी प्रसिद्ध झाली. लेखक होते मुंबई इलाख्याच्या मुलकी सेवेतील अधिकारी जी. व्हिडाल. तेव्हाच्या रत्नागिरी जिल्ह्यात मालवण-वेंगुर्लेही मोडत. सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला तो १९८१ मध्ये.

३/ या नियतकालिकाचे संपादक ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम. १८८५ मध्ये त्यांचा सुमारे ८२,००० नमुन्यांचा संग्रह ब्रिटिश म्युझियमकडे गेला आणि त्याच वर्षी डिसेंबरात त्यांच्या पुढाकाराने काँग्रेसचे पहिले अधिवेशन भरले. नमुना म्हणजे बहुतेकदा मारलेला पक्षी. खिशात मावणारी सचित्र पुस्तके नव्हती. सारख्या दिसणाऱ्या जाती हातात घेऊन, मोजमाप करूनच ठरवल्या जात. त्या काळी ओळखीची वाट बंदुकीतूनच जात होती.

४/ ही वाट बदलणारा माणूसही बंदुकीपासूनच निघाला. बालपणी छऱ्याच्या बंदुकीने टिपलेली पिवळ्या गळ्याची चिमणी ओळखून घेण्यासाठी सलीम अली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले. पुढे १९२६ मध्ये ते मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये मार्गदर्शक-व्याख्याता झाले. १९४१ मध्ये त्यांचे ‘द बुक ऑफ इंडियन बर्ड्स’ आले. चित्र हाती आले, तसा फांदीवरचा जिवंत पक्षी सामान्य माणसालाही ओळखता येऊ लागला.

५/ मग यादीचे काम संपले का? वेंगुर्ला रॉक्स या खडकाळ बेटांचे उदाहरण पाहावे. तेथील गुहेत लाळेने घरटे बांधणाऱ्या पाकोळ्या राहतात; पूर्व आशियात या घरट्यांच्या सूपला मोठी मागणी असते. १९४२ मध्ये हुमायून अब्दुलअली यांनी येथील सुरय आणि पाकोळ्यांवर लेख लिहिला. सुमारे साठ वर्षांनी चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेचे कार्यकर्ते तेथे पोहोचले, तेव्हा घरट्यांची चोरी उघडकीस आली. त्यानंतरच त्यांच्या रक्षणाचे प्रयत्न सुरू झाले. जुनी नोंद होती, म्हणून नव्या पाहणीला तुलनेचा आधार मिळाला.

६/ जुन्या याद्यांत एक उणीव मात्र ठळक आहे. पक्षी कुठे सापडेल हे सांगणारे कोळी, शेतकरी आणि शिकारी त्यांत क्वचितच नावानिशी दिसतात.

७/ म्हणून उद्यानातील फेरीनंतर तारीख, वेळ, ठिकाण आणि संख्या लिहिण्याचा आग्रह किरकोळ नाही. कावळा आणि साळुंकीही लिहायची. आज सर्वत्र दिसणारा पक्षी उद्याही दिसेल याची हमी नसते. गिधाडांच्या बाबतीत हे एका पिढीतच घडले: जनावरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅकमुळे ती झपाट्याने घटली आणि त्या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली ती २००६ मध्ये. पूर्वी ती किती होती, हे सांगायला जुन्या नोंदीच उरतात.