मुलांना पवित्र नावं ठेवताना: ‘अब्दुल’ अर्धवट सोडू नका

घरात मूल जन्माला आलं, कानात अजान दिली, की पुढची चर्चा नावाचीच. दादी एक नाव सुचवते, फुफी दुसरं आणि हल्ली मोबाइल तिसरं. आपल्याकडची बरीच नावं अल्लाहच्या गुणांशी, प्रेषितांशी किंवा सहाबांशी जोडलेली असतात. पण नाव ठेवून झालं की त्याची हाक कशी मारायची आणि ते कागदावर कसं लिहायचं, याकडे आपलं दुर्लक्ष होतं. म्हणून काही मूळ गोष्टी इथे एकत्र देत आहोत.

अल्लाहची नावं

सहीह मुस्लिममधील हदीसनुसार अल्लाहला सर्वांत प्रिय नावं अब्दुल्लाह आणि अब्दुर्रहमान ही आहेत. ‘अब्द’ म्हणजे बंदा. रहमान, खालिक, रज्जाक, कुद्दूस, समद हे गुण केवळ अल्लाहचे. म्हणून ही नावं माणसाला ‘अब्द’ जोडूनच ठेवतात. रहीम, करीम, रऊफ, रशीद, अली हे शब्द मात्र माणसांसाठीही वापरता येतात. सूरह तौबामध्ये तर प्रेषितांसाठी (सल्ल.) रऊफ आणि रहीम हे शब्द आले आहेत. त्यामुळे ‘करीम, इकडे ये’ म्हणायला हरकत नाही. अब्दुर्रज्जाकला नुसतं ‘रज्जाक’ म्हणणं उलमांना मान्य नाही. आणि एकटं ‘अब्दुल’ म्हणजे तर अर्धंच नाव. कोणाचा बंदा, तेच त्यात राहून जातं.

आपल्या शेजारच्या हिंदू घरांत विठ्ठल, राम, नारायण ही देवाची नावं मुलाला थेट ठेवतात. मुलाला हाक मारताना देवाचं नाव ओठी यावं, हा त्यामागचा भाव. इस्लाममध्ये निर्माता आणि बंदा यांच्यातला फरक नावातही जपला जातो. रीत वेगळी, आदर दोन्हीकडे आहे.

प्रेषितांची नावं

प्रेषितांनी (सल्ल.) आपल्या मुलाचं नाव इब्राहीम ठेवलं होतं. स्वतःचं नाव ठेवायलाही त्यांनी परवानगी दिली. फक्त ‘अबुल कासिम’ ही आपली कुन्नियत घेऊ नका, असं सांगितलं. ही मनाई त्यांच्या हयातीपुरती होती, असं अनेक उलमा मानतात.

या नावाचा मान कसा राखावा, याबद्दल मुसनद अहमदमध्ये एक प्रसंग आहे. मुहम्मद नावाच्या एका व्यक्तीला कोणी शिवीगाळ करताना हजरत उमर (रजि.) यांनी ऐकलं. तुझ्या निमित्ताने हे नाव अपमानित व्हायला नको, म्हणून त्यांनी त्याचं नाव अब्दुर्रहमान केलं. मग हजरत तल्हा (रजि.) यांच्या मुलाचंही नाव बदलायचा विचार झाला. तेव्हा त्या मुलाने सांगितलं की, माझं नाव खुद्द प्रेषितांनी ठेवलं आहे. हजरत उमर थांबले. नाव ठेवायला अडचण नव्हतीच, अडचण जिभेची होती. रागाच्या भरात मुलावर ओरडताना आपणही हे ध्यानात ठेवायला हवं. अनेक घरांत ‘मोहम्मद फैजान’ असं जोडनाव ठेवून रोजची हाक ‘फैजान’ मारतात, त्यातून ही काळजी आपोआप घेतली जाते.

‘अब्दुन्नबी’ या नावावर उलमांमध्ये मतभेद आहेत. बंदगी फक्त अल्लाहची, म्हणून अनेक जण ते टाळायला सांगतात. काही जण ‘सेवक’ या अर्थाने जायज मानतात.

अर्थ आधी, आवाज नंतर

कुरआनात नावानिशी उल्लेख असलेली एकमेव स्त्री म्हणजे हजरत मरयम. त्यांच्या आईने हे नाव ठेवल्याचा उल्लेखही तिथेच आहे. पण कुरआनात शब्द आला म्हणजे ते नाव होतंच असं नाही. फिरऔनही कुरआनात आहे. प्रेषितांनी (सल्ल.) ‘आसिया’ (ऐन-स्वाद, अर्थ: अवज्ञा करणारी) हे नाव बदलून ‘जमीला’ केलं होतं. फिरऔनच्या पत्नीचं ‘आसिया’ हे नाव वेगळ्या अक्षरांचं, ते ठेवायला हरकत नाही. देवनागरीत दोन्ही सारखीच दिसतात, म्हणून अर्थ जाणकाराला विचारूनच घ्यावा.

कागदपत्रांत काय करावं?

• जन्माची माहिती 21 दिवसांच्या आत नोंदवावी. नाव ठरलं नसेल तर नोंदणीनंतर 12 महिन्यांपर्यंत ते विनाशुल्क घालता येतं.

• 1 ऑक्टोबर 2023 पासून जन्मलेल्या मुलांसाठी शाळाप्रवेशापासून पासपोर्टपर्यंत जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच लागतो. त्यामुळे पहिली नोंद अचूक हवी.

• ‘मो.’, ‘मोहं.’, ‘एमडी’ असं लिहू नये. ‘मोहम्मद’ पूर्ण लिहावं आणि इंग्रजी स्पेलिंग एकच ठरवून सगळीकडे तेच ठेवावं.

• ‘अब्दुर्रहमान’ शक्यतो एकत्र लिहावं. तोडून लिहिलं की कोणी ‘रहमान’ला वडिलांचं नाव समजतो, तर कोणी आडनाव.

• दाखला हातात पडताच तिथेच वाचून घ्यावा.

सूरह हुजुरातमध्ये एकमेकांना वाईट टोपणनावांनी हाक मारायला मनाई आहे. तेव्हा उद्या गल्लीत कोणी ‘रज्ज्या’ म्हणून हाक मारली, तर आधी घरातल्या मोठ्यांनीच पूर्ण नाव घ्यावं. मुलं तेच उचलतात.