पॅकेजबांधणी, लिनक्समधील : फायली व परवानग्या

तयार प्रोग्रॅमच्या फायली नियत जागी ठेवून त्यांचे स्वामित्व व परवानग्या ठरविण्याची प्रक्रिया. तिचे मूळ युनिक्स प्रणालीत आहे. युनिक्सच्या १९७१ मधील पहिल्या नियमपुस्तिकेत प्रत काढणारी ‘सीपी’ व परवानगी बदलणारी ‘सीएचमॉड’ या आज्ञा आढळतात. ‘सीपी’ने काढलेल्या नव्या प्रतीची परवानगी मूळ फाइलीवर आणि बांधणाऱ्याच्या ‘यूमास्क’वर अवलंबून असते, त्यामुळे एकाच्या संगणकावरील मांडणी सर्व वापरणाऱ्यांकडे पोहोचण्याचा धोका असे. ४.२ बीएसडीमध्ये (१९८३) आलेल्या ‘इन्स्टॉल’ आज्ञेने प्रत व परवानगी ही दोन्ही कामे एकत्र आणली. प्रोग्रॅमला सामान्यतः ७५५ व साध्या मजकुराला ६४४ हा अष्टमान अंक देतात.

खरी अडचण स्वामित्वाची होती. फाइल ‘रूट’ या सर्वाधिकारी खात्याच्या नावे करण्यास सर्वसाधारणपणे रूटचेच अधिकार लागतात. ते घेऊन बांधणी करताना मार्ग लिहिण्यात एक चूक झाली, तरी बांधणाऱ्याच्याच प्रणालीतील फायली नष्ट होऊ शकत. डेबियन प्रकल्पात (स्थापना १९९३) १९९७ च्या सुमारास वापरात आलेल्या ‘फेकरूट’ने यावर काहीशी गमतीदार तोड काढली. स्वामित्व बदलण्याची विनंती ते मध्येच अडविते, ती मान्य झाल्याचे खोटेच कळविते आणि तशी नोंद ठेवते. पॅकेजात मात्र हीच नोंद खरी म्हणून उतरते. आरपीएम पद्धतीत (१९९५) स्वामित्व तपशील-फाइलीत लिहून देता येते. डेबियनच्या ‘डीपीकेजी’ साधनात २०१७ पासून, बांधणीस रूटचे अधिकार नकोत, असे पॅकेजानेच जाहीर करण्याची सोय आहे.