व्हीआर हेडसेट पीसीला कसा जोडायचा? मिरा-भाईंदरच्या फ्लॅटमध्ये आधी टेप काढा, मग बॉक्स उघडा

व्हीआर हेडसेटच्या जाहिरातीतली माणसं नेहमी मोठ्या, मोकळ्या हॉलमध्ये खेळताना दिसतात. मिरा रोड किंवा भाईंदरच्या वन बीएचकेमध्ये त्याच हॉलमध्ये सोफा, टीव्ही, शू रॅक, कपडे वाळत घालायचा स्टँड आणि डोक्यावर फिरणारा पंखा असतो. मग पहिल्याच दिवशी कुणाचा हात भिंतीवर आपटतो, कुणाला चित्र अडकत-अडकत दिसतं, तर कुणाला पाच मिनिटांत मळमळायला लागतं. महागडा हेडसेट थेट कपाटात जातो.

अनेकदा दोष हेडसेटचा नसतो. जागा, पीसी आणि वाय-फाय या तीन गोष्टी आधी तपासल्या, तर यातला बराच त्रास टळतो. कसा, ते समजून घेऊया.

पीसी व्हीआर म्हणजे नेमकं काय?

बाजारात 'व्हीआर' या नावाखाली तीन वेगळ्या गोष्टी मिळतात.

पहिली, मोबाईल आत ठेवायचा चष्मा. २०२३ मध्ये जिओने १,२९९ रुपयांना आणलेला जिओडाइव्ह याच प्रकारातला. मॅच किंवा व्हिडिओ पाहायला तो ठीक, पण पीसीवरचे व्हीआर गेम खेळण्यासाठी तो बनलेला नाही.

दुसरी, स्वतःचा प्रोसेसर असलेला हेडसेट. मेटा क्वेस्ट ३ आणि ३एस हे त्यातले. ते पीसीशिवायही चालतात. पीसीला जोडले की गेम पीसीच्या ग्राफिक्स कार्डवर चालतो आणि हेडसेट फक्त चित्र दाखवतो व तुमच्या हालचाली टिपतो.

तिसरी, पीसी किंवा कन्सोलशिवाय न चालणारा हेडसेट. सोनीचा प्लेस्टेशन व्हीआर २ ऑगस्ट २०२४ पासून वेगळा अडॅप्टर लावून पीसीवर चालतो. पण त्याला ग्राफिक्स कार्डवर डिस्प्लेपोर्ट १.४ लागतो आणि कित्येक लॅपटॉपना तो नसतो.

सेकंडहँड घेताना एक खबरदारी घ्या. 'विंडोज मिक्स्ड रिॲलिटी' प्रकारचे जुने हेडसेट स्वस्तात मिळतात, पण मायक्रोसॉफ्टने विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून त्यांचा सपोर्टच काढून टाकला आहे. पैसे देण्याआधी मॉडेलचं नाव नीट तपासा. नवा हेडसेट घेतानाही वॉरंटी भारतात चालेल का, हे विक्रेत्याला विचारून बिलावर लिहून घ्या.

तुमचा पीसी झेपेल का?

क्वेस्ट ३ मध्ये प्रत्येक डोळ्यासमोर २०६४ x २२०८ पिक्सेल असतात. दोन्ही डोळ्यांचे मिळून ते फुल एचडी स्क्रीनच्या चार पटींहून जास्त होतात. शिवाय ९० हर्ट्झवर पीसीला दर ११ मिलिसेकंदांत नवं चित्र तयार करावं लागतं. म्हणूनच साध्या मॉनिटरवर मस्त चालणारा पीसी व्हीआरमध्ये धापा टाकतो.

अंदाजासाठी एक उदाहरण. 'हाफ-लाइफ: ॲलिक्स' हा पीसी व्हीआरचा गाजलेला गेम २०२० मध्ये आला. त्याची किमान अट होती ६ जीबीचं जीटीएक्स १०६० ग्राफिक्स कार्ड आणि १२ जीबी रॅम. ही किमान पातळी आहे, आरामात खेळण्याची नव्हे. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेल्या ऑफिसच्या लॅपटॉपवर असे गेम चालवायचा विचार सोडून द्या.

हेडसेट घेण्याआधीच स्टीमवरून 'स्टीमव्हीआर परफॉर्मन्स टेस्ट' मोफत डाउनलोड करून चालवा. ती जुनी आहे, त्यामुळे तिच्यात पास झालात म्हणजे सगळं जमलं असं नाही. पण तिच्यातच नापास झालात तर खर्च आधी पीसीवर करा.

घरात जागा किती लागते?

उभं राहून, चालत खेळायला मेटा किमान २ मीटर x २ मीटर, म्हणजे साधारण साडेसहा फूट बाय साडेसहा फूट मोकळी जागा सुचवते. स्टीमव्हीआरमध्ये चालत खेळण्यासाठी किमान २ मीटर x १.५ मीटर जागा धरली जाते. टेपने मोजा. सोफा सरकवून एवढी जागा होत नसेल तर बसून किंवा एका जागी उभं राहून खेळायचा पर्याय निवडा. बरेच गेम तसेही खेळता येतात.

आता वर पाहा. साडेपाच फूट उंचीच्या माणसाने हात वर केला की तो जवळपास सात फुटांवर जातो. त्यात कंट्रोलर आणि खेळाच्या नादात मारलेली उडी जमेस धरा. सिलिंग फॅन तिथून फार लांब नसतो. त्यामुळे खेळताना पंखा बंद ठेवा आणि टेबल फॅन बाजूला लावा. त्याच्या वाऱ्यावरून आपलं तोंड कुठल्या दिशेला आहे, हेही कळत राहतं. आणि उड्या मारण्याआधी खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांचाही विचार करा.

केबल बरी की वाय-फाय?

इथे एक गैरसमज हमखास दिसतो: 'इंटरनेटचा प्लॅन वाढवला की चित्र सुधारेल.' तसं होत नाही. वायरलेस खेळताना चित्र पीसीकडून राउटरकडे आणि राउटरकडून हेडसेटकडे जातं, तेही घरातल्या घरात. ऑनलाइन गेम किंवा डाउनलोडसाठी प्लॅनचा वेग कामाचा, पण या प्रवासात त्याचा संबंध नाही.

खरा प्रश्न राउटरच्या जागेचा आणि गर्दीचा. दाटीवाटीच्या टॉवरमध्ये मोबाईलवर वाय-फायची यादी उघडली की शेजाऱ्यांची डझनभर नावं दिसतात. त्या गर्दीत २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा गुदमरतो. ५ गिगाहर्ट्झ जास्त मोकळा असतो, पण तो भिंतीपलीकडे लवकर कमजोर पडतो. म्हणून तीन गोष्टी करा:

- पीसी राउटरला लॅन केबलने जोडा.
- राउटर खेळायच्या खोलीतच ठेवा.
- हेडसेट ५ गिगाहर्ट्झवर जोडा. वाय-फाय ६ चा राउटर असेल तर उत्तम.

राउटर दाराजवळ आणि पीसी बेडरूममध्ये असेल, तर क्वेस्टसाठी यूएसबी ३ ची, साधारण ५ मीटर लांब केबल घ्या. मोबाईलच्या चार्जरची केबल सहसा कमी वेगाची असते, तिच्यावर भिस्त ठेवू नका.

सेटअपचा क्रम

क्वेस्टसाठी हा क्रम ठेवा:

१. हेडसेट पूर्ण चार्ज करा. मोबाईलवरच्या मेटाच्या ॲपमधून खातं जोडा आणि सगळे अपडेट होऊ द्या.
२. पीसीवर ग्राफिक्स कार्डचा ड्रायव्हर अपडेट करा. मग स्टीम आणि स्टीमव्हीआर टाका.
३. वायरलेससाठी हेडसेटमध्ये 'स्टीम लिंक' हे मोफत ॲप घ्या. केबलसाठी पीसीवर मेटाचं लिंक ॲप लागतं. त्यातून स्टीमचे गेम चालवताना सेटिंगमध्ये 'अननोन सोर्सेस' सुरू करा.
४. लॅपटॉप असेल तर चार्जर लावूनच खेळा.
५. खेळायच्या जागेची सीमारेषा आखा. ती भिंतीपासून हातभर आत ठेवा, भिंतीला चिकटून नको.
६. दोन बुबुळांमधलं अंतर सेट करा. क्वेस्ट ३ ला त्यासाठी खाली चाक आहे. ३एस मध्ये तीन ठरलेल्या जागा आहेत. हे चुकलं की चित्र धूसर दिसतं आणि डोकं दुखतं.

मळमळ का होते?

डोळे सांगतात 'आपण पळतोय', कानातला तोल सांभाळणारा भाग सांगतो 'आपण उभेच आहोत'. या भांडणातून मळमळ होते. चित्र अडकत असेल तर ती वाढते. म्हणून सुरुवात १०-१५ मिनिटांपासून आणि एका जागी राहायच्या गेमपासून करा. त्रास जाणवला की लगेच हेडसेट काढा. 'सवय होईल' म्हणून रेटू नका. फिट येण्याचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

या चुका टाळा

हेडसेट खिडकीत किंवा बाल्कनीत उन्हात ठेवू नका. त्याची भिंगं ऊन एकवटतात आणि आतला स्क्रीन जळतो. तो डाग जात नाही. भिंगं कोरड्या मायक्रोफायबर कपड्याने पुसा, स्पिरिट किंवा सॅनिटायझर नको. चष्मा लावून खेळत असाल तर त्याची काच भिंगाला घासत नाही ना, हे पाहा.

मुलांच्या बाबतीत वयाची अट पाळा. मेटाची मर्यादा १० वर्षं आहे, तीही पालकांच्या देखरेखीखालच्या खात्यासह. सोनीची १२ वर्षं.

गेम विकत घेऊन तो पीसीला झेपला नाही, तर स्टीमवर खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेला असल्यास पैसे परत मागता येतात. पण पहिल्या दिवशी त्याचीही गरज नाही. व्हॉल्व्हचा 'द लॅब' हा गेम मोफत आहे. त्यावर जागा, केबल आणि पोट, तिन्हींची परीक्षा होऊन जाते.