रुग्णाच्या रक्तातील साक्ष



जुन्या पोथ्यांच्या संगतीत आयुष्य घालवलेल्या मराठीच्या शिक्षकाने जीवशास्त्राच्या इतिहासातील विषय निवडावा, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटेल. परंतु या विषयाचे माझ्या व्यवसायाशी दूरचे नाते आहे. पाठसंपादकाला पोथीत मध्येच शिरलेला मजकूर ओळखून काढावा लागतो आणि उरलेल्या ओव्या जुळवून घ्याव्या लागतात. आपल्या पेशींच्या केंद्रकांत असेच काम अखंड चालू असते. ते कोण करते याचा शोध कसा लागला, आणि त्या शोधात आजारी माणसांचा वाटा किती मोठा होता, एवढेच आज सांगावयाचे आहे.

जनुक म्हणजे डीएनएमध्ये सलग लिहिलेला मजकूर, त्याची नक्कल आरएनएच्या रूपाने केंद्रकाबाहेर जाते व तिच्यावरून प्रथिन घडते, अशी १९७७ पर्यंत सर्वसाधारण समजूत होती. त्या वर्षी मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत फिलिप शार्प यांच्या आणि कोल्ड स्प्रिंग हार्बर येथे रिचर्ड रॉबर्ट्स यांच्या गटाने अ‍ॅडिनोव्हायरस या विषाणूच्या अभ्यासात तिला धक्का दिला. विषाणूचा आरएनए त्याच्याच डीएनएशी जुळवून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तेव्हा जोडीदार न मिळालेले डीएनएचे भाग वेटोळ्यांप्रमाणे बाहेर आलेले दिसले. म्हणजे मधला मजकूर कापून उरलेले तुकडे जोडले गेले होते. १९७८ मध्ये वॉल्टर गिल्बर्ट यांनी राखल्या जाणाऱ्या तुकड्यांना एक्झॉन आणि गाळल्या जाणाऱ्या भागांना इंट्रॉन ही नावे दिली. शार्प व रॉबर्ट्स यांना १९९३ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. या काटछाटीची व्याप्ती केवढी असते, ते स्नायूंतील डिस्ट्रोफिन या प्रथिनावरून कळते. त्याच्या जनुकात वीस लाखांहून अधिक अक्षरे आहेत. ७९ एक्झॉन जोडून तयार होणाऱ्या अंतिम प्रतीत ती जेमतेम चौदा हजार उरतात.

मग ही कात्री कोणाच्या हाती असते? उत्तर देणारे रेणू प्रयोगशाळांत आधीच पडून होते. ह्यूस्टन येथे हॅरिस बुश व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० च्या दशकात केंद्रकातील लहान आरएनए वेगळे करण्यास आरंभ केला होता. त्यांत युरिडीन हा घटक विपुल असल्याने त्यांना यू-१, यू-२ अशी नावे मिळाली. प्रत्येकाची लांबी शंभर ते दोनशे अक्षरांच्या आसपास. त्यांचे कार्य मात्र कोणालाच ठाऊक नव्हते.

येथे कथेत एक आजार येतो. ल्युपस हा प्रामुख्याने तरुण स्त्रियांना होणारा विकार. त्यात परकीय जंतूंशी लढण्यासाठी निर्माण व्हावयाची प्रतिपिंडे स्वतःच्याच शरीराविरुद्ध उठतात; सांधे, त्वचा, मूत्रपिंडे यांना इजा होते. एंग टॅन आणि हेन्री कंकेल यांनी १९६६ मध्ये ल्युपसच्या रुग्णांच्या सीरममध्ये, म्हणजे रक्त गोठल्यावर वर राहणाऱ्या पिवळसर द्रवात, केंद्रकातील एका विशिष्ट घटकाला चिकटणारे प्रतिपिंड नोंदवले. त्या घटकाला त्यांनी एका रुग्ण स्त्रीच्या आडनावाच्या आरंभीच्या अक्षरांवरून ‘एस्‌एम’ असे नाव दिले. पुढे हेच नाव केंद्रकातील प्रथिनांच्या एका कुळाला कायमचे चिकटले.

येल विद्यापीठात जोन स्टाइट्झ आणि त्यांचे विद्यार्थी मायकेल लर्नर यांनी १९७९ मध्ये या सीरमचा आकड्यासारखा उपयोग केला. प्रतिपिंडाने प्रथिन पकडून ओढले, तेव्हा त्याबरोबर यू-१, यू-२, यू-४, यू-५ आणि यू-६ हे आरएनएही बाहेर आले. एरवी हे रेणू प्रथिनांच्या सोबतीने राहतात हे सिद्ध करण्यास फार सायास पडले असते. रुग्णाच्या बिथरलेल्या रक्ताने ती जोडी नेमकी ओळखून दिली.

१९८० मध्ये लर्नर, स्टाइट्झ व सहकाऱ्यांनी एक तर्क मांडला. यू-१ च्या आरंभीची अक्षरे इंट्रॉनच्या आरंभीच्या अक्षरांशी जोडीदार म्हणून जुळतात. तेव्हा कोठे कापावयाचे, हे यू-१ दाखवीत असावा. तर्क देखणा असला तरी पुरावा हवा होता. १९८३ मध्ये पेशींच्या अर्कात रुग्णांचे प्रतिपिंड मिसळल्यावर काटछाट मंदावते, असे दिसले. १९८६ मध्ये युआन झुआंग आणि अ‍ॅलन वायनर यांनी निर्णायक प्रयोग केला. कापण्याच्या जागी एक अक्षर बदलले, तर काम बिघडले. यू-१ मध्येही त्याला जुळणारे अक्षर घातले, तर ते पुन्हा सुधारले. अक्षराला अक्षर ओळखते, याहून स्पष्ट साक्ष कोणती हवी?

दरम्यान १९८५ मध्ये या आरएनए-प्रथिनांच्या एकत्र जुळणाऱ्या यंत्रणेला स्प्लाइसिओसोम हे नाव मिळाले. प्रत्यक्ष कापतो कोण, आरएनए की प्रथिन, हा वाद पुढे बराच काळ चालला. २०१३ मध्ये शिकागो येथील संशोधकांनी दाखविले की, कापण्यासाठी लागणारे धातूचे आयन यू-६ हा आरएनए धरून ठेवतो. २०१५ पासून बीजिंगमध्ये यिगोंग शी यांच्या आणि केंब्रिजमध्ये कियोशी नागाई यांच्या गटाने या यंत्रणेची सूक्ष्म चित्रे मिळविली. कापणारा आरएनए आणि त्याला योग्य जागी पेलून धरणारी प्रथिने, अशी ही विभागणी आहे. एकाला वगळून दुसऱ्याचे चालत नाही.

या शोधाचा लाभ पुढे आजारी बालकांपर्यंत पोहोचला. कण्यातील चेताकोशिका झिजून स्नायू लुळे पाडणारा एक आनुवंशिक विकार आहे. त्यात ‘एस्‌एम्‌एन’ हे प्रथिन अपुरे पडते. आणि यू-आरएनएभोवती त्या एस्‌एम प्रथिनांचे कडे बसविणे हेच त्याचे एक मुख्य काम. या जनुकाची दुसरी प्रत आपल्याजवळ असते. पण एका अक्षराच्या फरकामुळे तिच्यातील सातवा एक्झॉन बहुतेक वेळा गाळला जातो. आख्यायिकेत एका अक्षराने ‘ध’चा ‘मा’ होऊन नारायणराव पेशव्यांचा घात झाला, त्यातलाच हा प्रकार. एड्रियन क्रेनर यांच्या संशोधनातून आलेले नुसिनर्सेन हे औषध तो एक्झॉन राखावयास लावते. अमेरिकेत त्याला डिसेंबर २०१६ मध्ये मान्यता मिळाली. २०२० मध्ये मान्य झालेले रिस्डिप्लाम याच ठिकाणी यू-१ ची पकड घट्ट करते.

ल्युपसच्या रुग्णांच्या पदरात मात्र याच्या तुलनेने थोडे पडले. एस्‌एम प्रतिपिंडांची तपासणी आजही निदानास साहाय्य करते, उपचारही सुधारले आहेत. पण व्याधी समूळ जात नाही. ज्यांच्या रक्ताने दार उघडले ते बाहेर उभे राहिले आणि आत शिरता आले ते दुसऱ्याच आजाराच्या बालकांना. विज्ञानाचा इतिहास शिकविताना पारितोषिकांची यादी आपण आवर्जून पाठ करून घेतो. त्या यादीशेजारी या रुग्णांनाही जागा द्यावी, एवढेच या शाळेतील शिक्षकांना आणि विद्यार्थ्यांना माझे सांगणे आहे.