जमीन परत, पण पाण्याचे काय?

कॅनडात आदिवासींच्या जमिनीचे दावे सरकार आणि आदिवासी राष्ट्रे यांच्यात मिटतात. महापालिका सहसा दुय्यम मानली जाते. व्हँकुव्हरमधल्या सेनाक्व या स्क्वामिश आदिवासींच्या गावाचा इतिहास ही समजूत खोडून काढतो. १९१३मध्ये ब्रिटिश कोलंबियाच्या प्रांतिक सरकारने स्क्वामिश कुटुंबांना तिथून हाकलले, त्यांची घरे जाळली. दीर्घ न्यायालयीन लढ्यानंतर २००३मध्ये जेमतेम साडेदहा एकर परत मिळाले. पण त्यावर सुमारे सहा हजार घरे उभारायची तर पाणी, सांडपाणी, रस्ते हवेत, आणि त्यासाठी २०२२मध्ये महापालिकेशीच करार करावा लागला. शेजारचे रहिवासी म्हणाले, आम्हाला विचारलेच नाही. त्यांची काळजी समजण्यासारखी आहे. पण आदिवासींच्या अशा राखीव भूमीवर शहराचे बांधकामनियम लागू नाहीत, मग नळजोडणीच्या आडून नकाराधिकार कसा मागता येईल? २०२३मध्ये न्यायालयानेही रहिवाशांची या कराराविरुद्धची याचिका फेटाळली.